भट्टीबाईचे अकरा सेकंद

हे खरं आहे. पटवून द्यायला लिहीत नाहीये. मनात ठेवणं आता झेपत नाही, म्हणून लिहितेय.

मंगळवार होता. दुपारचे सव्वातीन, बाहेर लख्ख ऊन. जागा म्हणजे मामाचा जुना रेकॉर्डिंग स्टुडिओ. आता तो मी चालवते. जुन्या टेपा संगणकावर उतरवून देते.

त्या दिवशीचं काम मात्र माझ्या हौसेचं होतं.

भट्टीबाई. सोल गाणारी, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या गायकांसारखं काळीज ओतून गाणारी. ती गायला लागली की खोली तापायची म्हणे, म्हणून वादकांनीच हे नाव पाडलेलं. तिची एकच तबकडी निघाली आणि ती कुणी विचारलीही नाही. कव्हरवर फोटोसुद्धा दुसऱ्याच कुणा नाजूक पोरीचा. मला अजून राग येतो त्याचा. वरच्या पट्टीत फाटायला आलेला आवाज ही बाई अशी सावरायची, की ती ओळ मी पुन्हा पुन्हा मागे नेऊन ऐकायची.

ती लोकांनी ऐकायलाच हवी. एवढंच माझ्या डोक्यात होतं.

पण तिच्या गाण्याची मूळ टेप दुसऱ्या कडव्यानंतर कापून जोडलेली होती. ती श्वास घेते आणि... पुढची ओळ मधूनच सुरू होते.

कापलेला तुकडा मला सापडला. काचेपलीकडच्या गाण्याच्या खोलीत, मामाच्या बिस्किटांच्या डब्यात. वर त्याचं अक्षर. 'भट्टी, अकरा सेकंद.' मामाने चाळीस वर्षं ब्लेडने टेपा कापल्या, पण कापलेलं कधी टाकलं नाही.

मी तुकडा जागच्या जागी चिकटवला. संगणकावर रेकॉर्डिंग लावलं आणि टेप सोडली.

दुसरं कडवं संपलं. तिने श्वास घेतला...

धप्प.

टेपमध्ये कुणीतरी काचेवर आपटलं. पुन्हा आपटलं. मग घशातली घरघर. आणि माइकच्या अगदी जवळून...

"भाऊ... दार उघडा."

जिन्यात पावलं वाजली. वरच्या मजल्यावर राहणारा पंच्याहत्तरीचा मामा धावत आला.

"बंद कर ते."

मी टेप थांबवली. "मामा, काय आहे हे?"

"तिचा नवरा. ड्रम वाजवायचा. आत दोघंच होती. त्याने तिचा गळा धरला."

"आणि तू?"

तो काचेकडे बघत राहिला. "टेक चालू होता गं, रेकॉर्डिंग. लाल दिवा लागलेला. लाल दिवा असताना दार उघडायचं नाही, हेच अंगात मुरलेलं. वाटलं, थांबेल तो. ती गेली. तेव्हाचे मालक म्हणाले, टेप साफ कर. मी साफ केलं. पुढचं गाणं आदल्या टेकमधून जोडलं."

त्या दाराला आतून मूठ नाही. टेकच्या मध्ये गायकांनी बाहेर येऊ नये म्हणून मामानेच ती काढली होती.

"डबाच जाळून टाकतो," म्हणत तो काचेपलीकडच्या खोलीत गेला.

दार... आपलं आपण लागलं.

लाल दिव्याची वायर मी दोन वर्षांपूर्वी काढलीय.

दिवा लागला.

मामा काचेवर आदळला. मानगूट धरून कुणी आपटावं तसा. नाक फुटलं. पुन्हा आदळला. दात पडले, काच रक्ताने माखली. मग त्याचे पाय जमिनीवरून उचलले गेले. गळ्यात बोटांचे खड्डे रुतत होते...

बोटं नव्हती.

आतला माइक कधीचाच बंद. तरी स्पीकरमधून त्याचा आवाज आला.

"बाळ... दार उघड."

दाराची बाहेरची मूठ माझ्या हातात होती. नुसती फिरवायची होती.

दिवा लाल होता. माझा हात हललाच नाही.

दिवा विझला तेव्हा मी दार उघडलं. मामा संपला होता. जिन्यावरून पडला, असं मी सगळ्यांना सांगितलं.

संगणकावरचं रेकॉर्डिंग चालूच राहिलं होतं. मामाचा आवाज त्यात आला होता. बरोबर अकरा सेकंद.

मी ते साफ केलं. तिचे अकरा सेकंदही.

मग गाणं लोकांसमोर आणलं. भट्टीबाईला आज हजारो माणसं ऐकतात, तिच्यासाठी रडतात. मला हेच हवं होतं.

परवा एका बाईंनी लिहिलं, "सगळंच गाणं सुंदर. पण दुसऱ्या कडव्यानंतर ती हळूच म्हणते ना, 'ताई... दार उघडा'... तिथे काळीज हलतं."

मी गाणं पुन्हा पुन्हा ऐकलं. मला तिथे फक्त श्वास ऐकू येतो.

दाराला आतून मूठ बसवून घेतलीय. तरी त्या खोलीत मी पाऊल टाकत नाही.