काका नावाचा संगणक

सकाळचे ऊन आमच्या कारखान्यात सरळ येत नाही. ते आधी समोरच्या भिंतीवर रेंगाळते, मग पूर्वेकडच्या उंच खिडक्यांतून तिरपे उतरते, आणि चष्म्यांच्या काचांनी भरलेल्या ट्रेपर्यंत पोचेतो त्याचा पिवळेपणा निवळलेला असतो. घासायच्या राहिलेल्या काचा ते ऊन गिळून टाकतात. पॉलिश झालेल्या काचा ते छतावर परत फेकतात. मग वर लहानमोठी वर्तुळे उमटतात, कुणी ट्रे हलवला की सगळी एकदम थरथरतात, आणि पुन्हा आपापल्या जागी येऊन बसतात. मी सगळ्यांच्या आधी येतो तो ही वर्तुळे पाहायला. निदान विचारणाऱ्यांना मी तसे सांगतो.

इथल्या संगणकांचे जाळे माझ्या काकांनी विणले. मला हे काम त्यांनीच शिकवले, आणि तेही पुस्तक न उघडता.

"संगणक जागा झाला की ओरडतो, मला कुणी पत्ता देता का? सर्व्हर म्हणतो, हा घे, पण उसना. मुदत अर्धी सरली की तो पुन्हा विचारतो, राहू का अजून? विचारायचा थांबला की पत्ता दुसऱ्याला."

"आणि नाव?"

"नाव कायमचं. पत्ता कितीही बदलू दे, नावाने हाक मारली की सर्व्हर बरोबर त्याच्या दारात नेऊन सोडतो."

म्हणून त्यांनी संगणकांना आकडे दिले नाहीत, माणसांची टोपणनावे दिली. जेवणानंतर हमखास पेंगणाऱ्या पॅकिंगवाल्याचा 'डुलकी'. बोचरे बोलणाऱ्या हिशेबनीस बाईंचा 'चिमटा'; बाईंनी आठवडाभर अबोला धरला आणि मग स्वतःच आपल्या संगणकावर ते नाव लिहून चिकटवले. माझा 'गोगलगाय', कारण कुणी मोठ्याने बोलले की मी आत जातो. त्यांचा स्वतःचा नुसताच 'काका'.

आणि एक शिस्त. कुठलेही नाव पुसण्याआधी त्याला हाक मारायची, म्हणजे एक छोटा संदेश पाठवायचा. ओ आली तर हात लावायचा नाही.

हिवाळ्यापासून काका कारखान्यात येत नाहीत.

एक दिवस मालकीणबाईंनी मला बोलावले. "सोमवारपासून नवी व्यवस्था. सगळ्यांना आकडे. जुनी नावं तेवढी साफ कर. काकांचंही."

"ते राहू दे ना."

"अरे, माणूस गेला. त्याचा संगणक आपण भंगारात दिला. नाव ठेवून काय करायचंय?"

मी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, हे मलाही ठाऊक नव्हते. ते नाव पुसले की काकांच्या हातचे इथे काही उरणार नव्हते.

दुसऱ्या सकाळी शिस्तीप्रमाणे मी 'काका'ला हाक मारली.

ओ आली.

मी घाबरलो नाही. नाव जुने असले आणि पत्ता दुसऱ्याने उसना घेतला असला, तर भलताच कुणी ओ देतो. म्हणून पत्ता कुणाकडे आहे ते पाहिले. प्रत्येक संगणकाच्या नेटवर्क कार्डावर ते बनते तिथूनच एक क्रमांक कोरून येतो, तो बोटांच्या ठशासारखा. त्या सकाळी पत्ता मागणाऱ्याचा ठसा काकांच्या कार्डाचा होता.

भंगारवाल्याने कार्ड कुणाला तरी विकले असेल, असे मी ठरवले. केबलचा माग काढत पॉलिशच्या खोलीत गेलो. माग खिडकीखालच्या, काकांच्या जुन्या जागेवरच्या सॉकेटपाशी संपला. त्यात काही जोडलेले नव्हते. वर प्लॅस्टिकची टोपी, टोपीवर काचेची पांढरी भुकटी. सगळ्या केबली जिथे येऊन मिळतात त्या भिंतीवरच्या स्विचच्या पेटीवर त्या जागेचा हिरवा दिवा मात्र लुकलुकत होता.

कार्डाचे काय झाले ते विचारायला काकूकडे गेलो. तिने शिवणाचा डबा उघडला, आणि बटणांतून ते कार्ड काढून माझ्या तळहातावर ठेवले.

"भंगारात द्यायच्या आधी मीच काढून घेतलं. त्यांच्या हातचं काहीतरी हवं होतं. का रे? चेहरा का असा?"

"काही नाही."

"गोगलगायच आहेस अगदी. चहा टाकते, बस." पाठमोरी होत ती म्हणाली, "तू रडला नाहीस त्यांच्यासाठी. मला काळजी वाटते."

"काकू, साखर कमी घाल," मी म्हणालो.

त्यानंतर रोज सकाळी मी हाक मारली, आणि रोज ओ आली. मी कुणाला काही सांगितले नाही. खरे सांगायचे तर, मला बरे वाटत होते. मालकीणबाईंनी जिन्यात अडवले तेव्हा म्हणालो, "ओ येतेय. आमच्यात ओ आली की पुसत नाहीत."

त्यांनी माझ्याकडे पाहिले, आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "सोमवारपर्यंत, बाळा."

सोमवारी मी आलो. ऊन अजून भिंतीवरच होते. माझा संगणक सुरू केला आणि तोंड धुवायला गेलो. परत येऊन 'काका'ला हाक मारली.

सर्व्हर म्हणाला, या नावाचे कोणी नाही.

पुसायचा पासवर्ड फक्त काकांना आणि मला ठाऊक होता.

मी सर्व्हरवरच्या नोंदी पाहिल्या. मी नळाशी असताना त्या टोपी लावलेल्या सॉकेटमधून एक हाक निघाली होती. 'गोगलगाय'ला. माझ्या रिकाम्या खुर्चीपुढच्या संगणकाने ओ दिली होती. माझ्या नावाला कुणी हात लावला नव्हता.

मग त्याच सॉकेटमधून 'काका' हे नाव निवडले गेले होते. नक्की पुसायचे का, असे सर्व्हरने विचारले होते.

उत्तर लगेच आले नव्हते. माणूस दारात घुटमळतो तेवढा वेळ गेला होता.

मग, हो.

पॉलिशच्या खोलीत गेलो. टोपीवरच्या भुकटीवर एकही ठसा नव्हता.

हिरवा दिवा विझलेला होता.

मागून मालकीणबाई आल्या. "काय रे? येते का अजून ओ?"

"नाही," मी म्हणालो. "काका वारले."