मोंतेलोच्या खडकावरचा सूड

सूड ही माणसाच्या आयुष्यातली सर्वांत पवित्र प्रेरणा असून ती काळवेळ पाहत नाही. गालिसियाच्या किनाऱ्यावर मात्र तिला अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीपर्यंत थांबावं लागतं.

दोसिंदा दातओठ खात थांबली होती. पलीकडच्या गावच्या अमारोनं तिच्या वाटणीचा खडक एका सकाळी बोडका केला होता. खडकाला घट्ट चिकटून वाढणारे, बोटाएवढे कवचधारी जीव, म्हणजे पेर्सेबेस. नाताळच्या ताटातली मानाची गोष्ट! त्यानं ते पिल्लांसकट खरवडून नेले. आता काही वर्षं तिथं काही उगवणार नव्हतं. वर भर मासळीबाजारात म्हणाला, "दोसिंदाबाईंनी आता वाळूत शिंपले वेचावेत. वयाला तेच शोभतं."

तेव्हा मोहीम ठरली. भर समुद्रातला, अमारोच्या वाटणीचा मोंतेलो खडक असाच उजाड करायचा! सोबत होडी, दोर आणि नणंद ओब्दुलिया.

"वहिनी, लाटा बघ तरी. फिरू या का मागं?"

"तू दोर धर. तोंड घरी ठेवून यायचं होतंस."

ओहोटीनं मोंतेलोची काळी कूस उघडी पडली होती; तिच्यावर शेवाळ साबणासारखं चकाकत होतं आणि घळीत पाणी घुसळत, गुरगुरत होतं. कमरेला दोर बांधून दोसिंदानं उडी घेतली. लाट आली! ती पालीसारखी खडकाला चिकटली. लाट ओसरली. खरवडणी चालली! घावागणिक ती अमारोच्या एकेका पूर्वजाचा उद्धार करत होती. हाताला काय लागतंय, हेही ती पाहत नव्हती. पिशवी टम्म फुगली.

आणि खडकाच्या माथ्यावर अमारो उगवला! पलीकडून होडी लावून तो चढला होता.

"चोरटे!"

"शिकवणी तुझीच!"

तो तरातरा खाली उतरू लागला, समुद्राकडे पाठ करून. या किनाऱ्यावर शेंबडं पोरही ही चूक करत नाही. डोंगराएवढी लाट आली. अमारो पाण्यात! जड बूट त्याला खाली खेचू लागले. प्रवाह त्याला घळीकडे ओढू लागला.

दोसिंदा बघत राहिली. नवस बोलूनही इतकी सुरेख संधी मिळाली नसती.

"वहिनी!" ओब्दुलिया किंचाळली.

"थांब गं. जरा डोळे भरून बघू दे."

पुढच्या लाटेत त्याचं डोकं दिसेनासं झालं. दोसिंदानं एक कचकचीत शिवी हासडली, पिशवी सोडली आणि स्वतःला पाण्यात झोकून दिलं. हाती कॉलर लागली.

"ओढ! ओढ, ओब्दुलिया!"

होडीत आल्यावर अमारो बराच वेळ पाणी ओकत होता.

"लाज वाटते का काही?" दोसिंदानं विचारलं.

"थंडी वाटतेय."

"माझी भरलेली पिशवी बुडाली तुझ्यापायी."

"या बाजूची? बुडू दे. मी इथले कधीच काढत नाही."

"मग मरायला आलास कशाला?"

अमारोनं नाक पुसलं. "तू काढत होतीस म्हणून."

मोंतेलोच्या त्या बाजूला ऊन लागत नाही. तिथले पेर्सेबेस लांबट आणि पाणचट होतात, बाजारात त्यांना कुणी विचारत नाही.