खांद्यावरचा हात

“पण आत्या, तुझ्या खांद्यावरचा हा हात कुणाचा?”

जेवणाच्या टेबलावर पोस्टर उलगडून अजून पाच मिनिटंही झाली नव्हती. धाकट्याच्या चेहऱ्यावर दोन वर्षांच्या मेहनतीचा आनंद मावत नव्हता, भावजय डोळे पुसत होती आणि ताई... ताई नुसती बघत बसली होती. पोस्टरवर ती स्वतःच होती, सव्वीस वर्षांची, कानाला हेडफोन लावून टेलिफोन एक्स्चेंजच्या बोर्डासमोर बसलेली, कशाला तरी खळखळून हसणारी! पुढच्या महिन्यात एक्स्चेंजची जुनी इमारत कायमची बंद व्हायची होती, म्हणून शाळेत इतिहास शिकवणाऱ्या या धाकट्या भावाने त्या एक्स्चेंजवर माहितीपट केला होता, आणि त्याचा गाभा होता त्याची ताई. लहान भावासाठी जिने आयुष्य वेचलं, लग्न केलं नाही, अशी ताई.

प्रश्न विचारला होता भाचीने, धाकट्याच्या लेकीने. घरात तिला सगळे ‘चौकशी’ म्हणत, कारण बोलायला लागल्यापासून वीस वर्षं तिने दुसरं फारसं काही केलं नव्हतं. फोटोची उजवी बाजू कापलेली होती, पण ताईच्या खांद्यावर चार बोटं तशीच राहिली होती.

“असेल कुणीतरी ऑपरेटर,” धाकटा जरा घाईनेच म्हणाला. “कापायला गेलो तर ताईचा खांदाच जात होता. म्हणून राहू दिली बोटं.”

“मैत्रीण होती,” ताई म्हणाली, आणि ताटं उचलू लागली. चौकशीचं जेवण अर्धंच झालं होतं, तिचंही ताट गेलं.

आता ही ताई म्हणजे काही गप्प बसणारी बाई नव्हती बरं! साठी गाठली होती, आणि सिनेमाच्या बाबतीत तर ती कुणाच्या बापाचं ऐकणारी नव्हती. ग्रंथालयाच्या वरच्या हॉलमध्ये दर शनिवारी चार वाजता फिल्म क्लब भरे. ग्रंथपालांचा तिथे एक नियम होता. सिनेमा संपला की खुर्चीतून उठायच्या आधी प्रत्येकाने आपलं मत कार्डावर लिहायचं, नाव घालायचं नाही, फक्त खुर्चीचा नंबर. मग चहाच्या वेळी ग्रंथपाल सगळी कार्डं मोठ्याने वाचत. वर्षानुवर्षं तीच माणसं त्याच खुर्च्यांवर बसत असल्यामुळे कोणतं मत कुणाचं हे सगळ्यांना ठाऊक असे, आणि तरी सगळे ठाऊक नसल्याचं सोंग घेत. खुर्ची क्रमांक सतराचं कार्ड आलं की लोक कप खाली ठेवून ऐकत.

सतरा नंबरला दोन प्रकारचे सिनेमे अतिशय प्रिय होते. एक म्हणजे ग्रंथपाल महिन्याच्या पहिल्या शनिवारी दाखवत ते. पाटीवर ‘क्वीअर सिनेमा’ असं लिहिलेलं पाहून ताईने पहिल्यांदा त्यांना विचारलं होतं, “म्हणजे काय हो?” ग्रंथपालांनी आवाज खाली आणून सांगितलं. पुरुषाचं पुरुषावर प्रेम, बाईचं बाईवर, असं सगळं. “मग आपल्या भाषेत काय म्हणतात?” ताईने विचारलं. ग्रंथपाल चष्मा पुसत म्हणाले, “आपल्यात... काही म्हणत नाहीत.” ताई सतरा नंबरवर जाऊन बसली. त्यानंतर एकही पहिला शनिवार तिने चुकवला नाही.

तिची मतं ऐकण्यासारखी असत. “सिनेमा उत्तम,” तिने एकदा लिहिलं होतं. “पण एक शंका. या दोघी शेवटी पाण्यात का जातात? मागच्या महिन्यातले दोघेही पाण्यातच गेले. खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावरून भांडत म्हातारं झालेलं जोडपं कुणी दाखवील का? तो सिनेमा मी दोनदा बघेन.” दुसऱ्या एका सिनेमावर लिहिलं, “दोन तरुणांचं प्रेम पटलं. पण दोघांनाही कामधंदा दिसला नाही. पोट कशावर भरतात?”

आणि दुसरा प्रकार म्हणजे ऐतिहासिक माहितीपट. तिथे तर ती हातात भिंग घेतल्यासारखी बसे! “निवेदन करणारे ते जड आवाजाचे गृहस्थ लढाया तारीखवार सांगतात. पण या शास्त्रज्ञ बाईंबद्दल ‘त्या आजन्म एकट्या राहिल्या’ एवढं म्हणून पुढच्या सालाकडे निघून जातात. त्याच्या आधीच्याच दृश्यात बाईंच्या टेबलावर दोन कप दिसले. दुसरा कप कुणाचा? हे कोण शोधणार?”

असं ठणकावून विचारणारी बाई! आणि आज त्याच जातीचा प्रश्न स्वतःच्या घरात समोर आला, तर भांडी घासायला उठली.

कारण तो हात चिमणीचा होता.

आईवडील पाठोपाठ गेले तेव्हा ताई बावीस वर्षांची होती आणि धाकटा अकराचा. तिला एक्स्चेंजमध्ये सहा नंबरचा बोर्ड मिळाला, आणि शेजारच्या सातवर होती ही बारीक चणीची, चिवचिवणारी मुलगी. वर्षाच्या आत चिमणी त्यांच्या घरी राहायला आली, लोकांना सांगायला भाडेकरू म्हणून. धाकट्याचे शाळेचे शर्ट तिने शिवले, अपूर्णांक तिने शिकवले, त्याला गोवर झाला तेव्हा दहा दिवस उशाशी ती बसली. आणि ताईला... ताईला तिने काय दिलं हे कोणत्या शब्दात सांगावं! त्या घरात तेरा वर्षं तीन ताटं मांडली गेली, आणि ताईच्या अंतःकरणात कशाचीही उणीव राहिली नाही.

मग धाकट्याचं लग्न ठरू लागलं. मुलीचे काका तिला घेऊन घर बघायला आले, चिमणीकडे नजर टाकून त्यांनी विचारलं, “आणि ह्या कोण?” आणि उत्तराची वाट न बघता भुवई वर केली. संध्याकाळी धाकटा जमिनीकडे बघत म्हणाला, “ताई, काही दिवस... फक्त काही दिवस चिमणीताई दुसरीकडे राहिल्या तर?”

एक्स्चेंजमध्ये एक नियम होता, नव्या मुलीला पहिल्याच दिवशी शिकवला जाणारा. लाइन तोडण्याआधी दोन्हीकडे विचारायचं, ‘बोलणं झालं का?’ उत्तर आलं नाही तर पुन्हा विचारायचं. न विचारता बोर्डावरची जोडणीची दोरी ओढली तर मुख्य ऑपरेटरबाई सगळ्यांदेखत झापत. ताईने इतक्या वर्षांत एकदाही न विचारता लाइन तोडली नव्हती. घरी मात्र तिने चिमणीच्या नावाने परगावी बदलीचा अर्ज स्वतःच्या अक्षरात भरला, तिच्यासमोर ठेवला आणि वर पेन ठेवलं. चिमणीने मान वर केली. ती काहीतरी बोलणार होती... आणि ताई चहा टाकायला पाठ वळवून उभी राहिली. मागे सहीचा आवाज आला, मग खुर्ची सरकल्याचा. नंतर दोन पत्रं आली, त्यांना ताईने उत्तर दिलं नाही. दिलं असतं तर तिला परत बोलावल्याशिवाय हात थांबला नसता! या गोष्टीला चोवीस वर्षं झाली होती.

आणि आता शनिवारी क्लबात त्या माहितीपटाचा पहिला खेळ होता. क्लबाने पसंत केला की पुढच्या महिन्यात तो साऱ्या शहरासमोर दाखवला जाणार होता. खरं बोललं तर उरलेलं हे एकच घर तुटेल, हा पोटच्या पोरासारखा वाढवलेला भाऊ दुरावेल, आणि गप्प राहिलं तर चिमणी तिच्या हातून दुसऱ्यांदा जाईल, यावेळी इतिहासातूनच!

शनिवारी हॉल गच्च भरला. माहितीपट खरंच सुरेख झाला होता. जुन्या बोर्डांची टकटक ऐकू आली तेव्हा ताईची बोटं मांडीवर आपोआप हलू लागली. आणि मग पडद्यावर तो फोटो आला, कॅमेरा संथपणे तिच्या चेहऱ्याकडे सरकला, ती चार बोटं चौकटीबाहेर गेली, आणि धाकट्याचा आवाज आला, जड आणि गहिवरलेला. “भावासाठी तिने संसारसुखाचा त्याग केला. ती आजन्म एकटी राहिली.”

सगळ्या हॉलने सुस्कारा सोडला. दिवे लागले, टाळ्या थांबता थांबेनात. ताईच्या हातात कार्ड होतं. तिने पेनचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं... आणि लिहायला लागली. एक बाजू भरली, तेव्हा तिने कार्ड उलटं केलं.

चहा आला. ग्रंथपाल वाचू लागले. हृदयस्पर्शी, डोळे पाणावले, अशी बहीण सर्वांना मिळो. भावजय संकोचाने हसत होती. मग त्यांनी सतरा नंबरचं कार्ड उचललं.

“माहितीपट मेहनतीने केला आहे. बोर्डांचा आवाज ऐकून जीव सुखावला. चुका तीन. एक, दाखवलेला बोर्ड चार नंबरचा आहे, सहाचा दिवा डावीकडे होता.” लोक हसले. “दोन, ‘ती आजन्म एकटी राहिली’ हे खोटं आहे. त्या घरात...” ग्रंथपाल अडखळले. त्यांनी चष्म्यावरून सतरा नंबरकडे पाहिलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

“वाचा पुढे,” ताई म्हणाली.

“त्या घरात तेरा वर्षं तीन ताटं होती. तीन, फोटोतल्या हाताला माणूस आहे. दिग्दर्शकांचे शाळेचे शर्ट याच हाताने शिवले. त्या बाईंचं माझ्यावर प्रेम होतं, माझं त्यांच्यावर. भावासाठी मी लग्न सोडलं असं सांगतात, पण माझं लग्न झाल्यासारखंच होतं, आणि ते मी मोडलं. त्यांना मी काही विचारलंसुद्धा नाही. त्याग कुणी केला, हे एकदा त्यांना विचारावं. बाकी छायाचित्रण चांगलं.”

धाकटा उठला, कुणाकडेही न बघता जिना उतरून गेला. गेला... हाही गेला! शेवटी चौकशीने तिचा दंड धरला आणि दोघी चालत घरी आल्या. वाटेत त्या मुलीने एकही प्रश्न विचारला नाही.

धाकटा जेवणाच्या टेबलाशी बसला होता. समोर पोस्टर, आणि शेजारी मूळ फोटो, न कापलेला. त्यात चिमणी ताईच्या कानाशी वाकून काहीतरी सांगत होती आणि म्हणून ताई हसत होती.

“ताई, मला माहीत होतं,” तो म्हणाला. “पंचवीस वर्षांचा घोडा होतो मी, मला कळत नव्हतं का? मी ‘काही दिवस’ म्हणालो, आणि नंतर एकदाही म्हणालो नाही की आता बोलाव त्यांना. तुझं लग्न माझ्यामुळे राहिलं, असं वर्गात सांगितलं, भाषणात सांगितलं... शेवटी फिल्म केली. म्हणजे दुसरं काही सांगायला नको!”

“अरे, तू काय करणार होतास,” ताई रडत म्हणाली. “पेन तर मीच ठेवलं.”

“आणि मला विचारलं का कुणी?” दारात उभी असलेली भावजय एकदम बोलली. चोवीस वर्षांत तिचा आवाज इतका चढला नव्हता. “काका बोलले माझे. मी बोलले होते का काही? त्या दिवशी चहा द्यायला त्याच आल्या होत्या. मला हळूच म्हणाल्या, घाबरू नकोस, या घरात कुणी ओरडत नाही. मला वाटलं, चला, या आहेत. आणि लग्न होऊन आले तर त्या नाहीतच! आपल्या पायगुणाने गेल्या, असं मनात घेऊन बसले मी इतकी वर्षं. मला चालल्या असत्या हो, ताई... मला हव्या होत्या.”

जिच्यासाठी एवढं सगळं केलं, तिला हे नकोच होतं! ताई पुढे झाली, तिने भावजयीला मिठीत घेतलं, आणि दोघींच्या डोळ्यांना धार लागली.

चौकशीने टेबलावरची फाइल ओढली. ताई सोडून एक्स्चेंजच्या बाकी सगळ्या जुन्या ऑपरेटरांची यादी होती, बेचाळीस जणींची. एकेचाळीस नावांपुढे धाकट्याने फोन केल्याच्या खुणा होत्या. एका नावापुढे नुसता नंबर होता.

“बाबा, हा राहिला?”

“राहिला नाही. राहू दिला.” धाकट्याने डोळे पुसले, आणि मग स्वतःचा फोन काढून एकेक आकडा दाबला. पलीकडे घंटी वाजत राहिली. तो उभा राहिला, वर्गात चूक कबूल करणाऱ्या मुलासारखा ताठ.

“चिमणीताई? मी... धाकटा. तुम्ही शर्ट शिवायच्या तो. हो... हो, उंच झालोय. चिमणीताई, त्या वेळी तुम्हाला जायला मीच लावलं. ताईला भरीला मी घातलं. माफी मागायला चोवीस वर्षं लावली मी...” पलीकडून काहीतरी बोलणं झालं, त्याने नुसती मान हलवली आणि फोन ताईसमोर धरला.

ताईने तो दोन्ही हातांनी घेतला. कानाला लावला. पलीकडे श्वास ऐकू येत होता. आणि मग तोच आवाज आला, वयाने थोडा खरखरीत झालेला.

“सहा नंबर?”

“हो,” ताई म्हणाली. “सात नंबर, माझं एक विचारायचं राहिलं होतं. लाइन तोडण्याआधी विचारायला हवं होतं.” तिने डोळे मिटले. “आपलं बोलणं... झालं का?”

बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. नियमाप्रमाणे ताईने पुन्हा विचारलं. “बोलणं झालं का?”

“नाही झालं,” चिमणी म्हणाली. “कुठं झालं?”

चौकशीने खुर्ची पुढे सरकवली, आणि ताई बसली.