तुरीतलं चालणं

एसटीतून उतरला तो शालिकराम थेट वावरातच गेला. खिशात तानुवयनीच्या डोळ्यांच्या तपासणीचा कागद, अन् डोक्यात अमरावतीच्या डॉक्टरचं ग्यान. शिकलेला माणूस तो डॉक्टर, सोपी गोष्ट सांगताना घामाघूम झाला बिचारा!

तानुबाई धुऱ्यावर, वावराच्या बांधावरच होती. शालिकरामचा थोरला भाऊ वामनराव, तिचा नवरा, दिवाळीआधी गेला. त्याचा सदरा तिनं तुरीतल्या बुजगावण्याला घातला. तेव्हापासून रोज संध्याकाळी इथं बसायची. हे चालत येतात म्हणायची. म्हणून पोरगा कुलदीप उद्या तिला अकोल्याला नेणार होता, कायमची.

"वयनी, डोळे बेस हायेत तुमचे. गडबड वरच्या मजल्यावर हाये!" शालिकराम हसला. "ढग पळते अन् वाटते चांद पळून राहिला, तसंच हे. आजूबाजूचं पाहूनच डोकं ठरवते म्हणे, कोण चालून राहिलं ते. तूर हालते, म्हणून बुजगावणं चालते."

"अन् तुरीसंगच जे हालते, ते?"

"ते तुरीतच मिसळून जाते, वेगळं दिसतच नाही. वारा पडू द्या, पायजा मंग."

वारा पडला. तूर थांबली. बुजगावणंही थांबलं.

"पाह्यलं? आता कुलदीपले सांगतो, माय बरी झाली, राहू दे इथंच."

तानुबाईनं डोळ्यांना पदर लावला. "कावून थांबवलं, भाऊजी? तेवढंच तं होतं..."

गावभर चेष्टा करणारा शालिकराम तिच्याशेजारी गवतात बसला. भाऊ त्याचाही गेला होता.

तेवढ्यात बुजगावण्यापासून लांब तुरीचं एक झाड हाललं. मग त्याच्या अलीकडचं. पानही हालत नव्हतं इतर कुठं. रानडुक्कर असेल... पण डुक्कर सरळ घुसतं. इथं एक झाड जोरात हाले, पुढचं हळूच... पुन्हा जोरात, पुन्हा हळूच...

वामनरावचा एक पाय जन्मापासून आखूड होता.

"मी उगाच सदऱ्याकडं पाहत होती," तानुबाई कुजबुजली. ती बाजूला सरकली. दोघांच्या मधात एका माणसापुरती जागा झाली.

धुऱ्याजवळचं शेवटचं झाड हाललं...

अन् वारा सुटला. सगळं वावर डोलायला लागलं. तूर, सदऱ्याच्या बाह्या, धुऱ्यावरचं गवत. आता कोण कुठं, शालिकरामला काही दिसेना.

मधल्या जागेतलं गवत तेवढं हालत नव्हतं. ते दबलेलं होतं.