दाजींची एकच गोळी

खिंडीच्या माथ्यावर एक यंत्र दोन वर्षं एकटंच बर्फ मोजत उभं होतं. त्यातल्या नोंदी खाली आणायच्या, एवढंच आमचं काम. आम्ही चौघं निघालो: यंत्र उघडू शकणारा मिस्त्री, स्वयंपाकाच्या मावशी, नकाशा वाचणारा मी आणि मोहिमेचे प्रमुख, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, आमचे दाजी. प्रमुखपद त्यांनी स्वतःच स्वतःला बहाल केलं होतं. गळ्यात शिट्टी, हातात दुर्बीण, आणि चालायचा सराव म्हणाल तर घरापासून गाडीपर्यंत!

अक्कल पाजळण्यात मीही कमी नव्हतो. निघण्याआधी वजनकाटा घेऊन बसलो आणि टूथब्रशचे दांडेसुद्धा अर्धे कापायला लावले. ताई औषधांच्या दुकानात काम करते. तिने भरून दिलेली औषधांची पेटी दीड किलो भरली, म्हणून ती मी पायथ्याच्या चौकीतच ठेवली. "ज्याने त्याने आपापल्या गोळ्या खिशात ठेवा," असं फर्मान सोडलं.

पहिल्याच चढाला दाजींचे गुडघे कुरकुरू लागले, आणि गुडघ्यांपेक्षा दाजी जास्त. मला बाजूला घेऊन म्हणाले, "एखादी गोळी आहे का रे? एकच दे. एका गोळीने काय होतंय!" त्यांचं तोंड बंद व्हावं म्हणून मी आयबुप्रोफेन दिली. मग रोज तीनदा देत गेलो. गोळी पोटात गेली की हे पुन्हा पुढे, शिट्टी वाजवत, कुणी न विचारलेले सल्ले देत! सकाळचा नाश्ताही टाळायचे, म्हणे पोट जड होतं.

चौथ्या दिवशी दुपारी खिंड समोर दिसली. मध्ये घसरड्या दगडांचा उतार होता. आम्ही दोर बांधला. मिस्त्री पार झाला. मावशी पार झाल्या. दाजी मधोमध पोचले आणि थांबले. चेहरा पांढराफटक! गुडघे वाकले, पायाखालचे दगड सुटले, दोराला हिसका बसला! मी टाचा रोवल्या. मिस्त्रीने पलीकडून ओढलं. हात सोलले, पण दोर सुटला नाही!

कपारीशी आणून टेकवलं, तर दाजींना उलटी झाली. कॉफीच्या चोथ्यासारखी, काळी.

मावशी उलटीकडे पाहतच राहिल्या. "शौचालाही काळं होतंय का?" दाजींनी कशीबशी होकारार्थी मान हलवली. "पोटात रक्त जातंय यांच्या. माझ्या नवऱ्याला अस्संच झालं होतं. सगळ्यांनी खिसे रिकामे करा, आत्ता!"

दगडावर तीन पाकिटं पडली. माझी आयबुप्रोफेन. मिस्त्रीच्या पाठीची डायक्लोफेनॅक. मावशींची डोकेदुखीची अ‍ॅस्पिरिन. तिन्ही अर्ध्याहून जास्त रिकामी!

"मला म्हणाले, एकच दे," मिस्त्री पुटपुटला.

"मलाही," मावशी म्हणाल्या. "नावं वेगळी, रंग वेगळे, पण पोट पोखरायला तिन्ही सख्खी भावंडं! आणि आपण तिघं शहाणे, एकमेकांना कुणी विचारलं नाही."

मिस्त्रीने वर पाहिलं. "अर्ध्या तासाचं काम राहिलंय हो. मी धावत जाऊन येतो?"

मलाही मोह झाला, खोटं कशाला बोलू? पण एक माणूस कमी झाला तर डोली उचलणार कोण! यंत्राकडे पाठ फिरवली. तंबूच्या काठ्यांना दोर गुंडाळून डोली केली. चार दिवसांचा चढ दीड दिवसात उतरलो. खांदे सुजले, मिस्त्रीचा घोटा मुरगळला. गोळी मात्र कुणी मागितली नाही.

दाजी वाचले. रक्ताच्या चार पिशव्या लागल्या, आणि मूत्रपिंडांनाही मार बसला होता. डॉक्टरांकडून आणखी एक गोष्ट कळली. दाजींना पूर्वी पोटात अल्सर झाला होता. हे त्यांनी आम्हाला सांगितलंच नव्हतं. प्रमुखाचं पोट नाजूक आहे म्हटल्यावर शिट्टीला मान कोण देणार! असला माणूस, आणि त्याच्या हाती आम्ही मोहीम जाऊ दिलेली.

ताईजवळ मी हे सगळं भडाभडा ओकलो. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग चौकीतून परत आलेली पेटी माझ्यासमोर ठेवून झाकण उघडलं. आतल्या बाजूला तिच्या अक्षरात कागद चिकटवलेला होता: 'यांना अल्सर होऊन गेलाय. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन, यातलं काहीही देऊ नका.'

"हे वाचलं नाहीस तू?" तिने विचारलं.

"पेटी उघडलीच नाही गं," मी म्हणालो. "नुसती काट्यावर ठेवली होती."