दोन्ही टाके गळाले

"दोन्ही पोटं गळतायत," डॉ. अनुजा म्हणाल्या. "काल संध्याकाळी एक थेंबही बाहेर येत नव्हता."

खाजगी तपासनीस राजनंदिनी आपल्या या डॉक्टर मैत्रिणीच्या बोलावण्यावरून कोल्हापूरच्या त्या दवाखान्यात आली होती. सोबत तिचा गोलमटोल सहकारी ज्ञानू.

ट्रेमध्ये बकऱ्याची दोन जठरं होती. एक साध्या धाग्यानं गाठी मारून शिवलेलं, दुसरं काटेरी धाग्यानं. त्या धाग्याचे बारीक दाते मांसात रुततात, म्हणून गाठ लागत नाही. वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेत कुठला टाका बरा, हे अनुजा त्यांत निळं पाणी भरून तपासत होत्या.

"उद्या आकाराम पैलवानांचं ऑपरेशन आहे. याचा उलगडा झाल्याशिवाय मी त्यांना हात लावणार नाही. आणि त्यांची शुगर बघता थांबणंही धोक्याचं आहे."

राजनंदिनीनं भिंग धरलं. शिवणी शाबूत होत्या. पण प्रत्येकीच्या शेजारी एकेक गोल भोक होतं. काटेरी धाग्याच्या टोकाला पिवळी लोकर अडकली होती.

जठरं ठेवली होती तो फ्रिज मागच्या खोलीत, दोन कपाटांच्या सांदीपलीकडे होता. ज्ञानू आत शिरला आणि मधेच अडकला.

"पोट आत घे."

"घेतलंयच की."

त्याला ओढून काढून ती चौकशीला लागली.

ज्येष्ठ सर्जन धैर्यशील म्हणाले, "गाठीवर माझा भरवसा. काटेरी धागा मला पटत नाही, हे मी सगळ्यांसमोर सांगतो."

काटेरी धागा विकणारा फराज हसला. "मॅडम, माझा धागा गळाला तर माझंच नुकसान."

आकाराम पलंगभर पसरले होते. गळ्यात पिवळा मफलर. "कुस्तीत कुणाला भ्यालो न्हाय. पण ही सुई बघितली की घाम फुटतोय. पळून जावं वाटतंय बघा."

सडसडीत बांध्याच्या बायको शालूबाई शेजारी तसाच दुसरा मफलर विणत होत्या. "उगं घाबरत्यात. काल डाक्टरीणबाईंनी ती शिवलेली पोटं हितं आणून दावली, फ्रिजात ठेवते म्हणाल्या. झालं की उद्या मोकळं."

बाहेर येताच ज्ञानू कुजबुजला, "पैलवानच. भीती हाय, मफलर हाय."

राजनंदिनीनं सगळ्यांना आकारामांच्या खोलीत बोलावलं.

"धैर्यशील सरांनी काटेरी टाका बिघडवला असता. फराजनं साधा. इथं दोन्ही बिघडलेत. म्हणजे कुठला धागा जिंकतो याच्याशी त्या माणसाला देणंघेणं नव्हतं. त्याला ऑपरेशनच नको होतं."

सगळ्यांच्या नजरा आकारामांकडे वळल्या.

"त्या सांदीत ज्ञानू अडकला. पैलवान तर तिथून जाणंच शक्य नाही. भोकं गोल आहेत, विणायच्या सुईएवढी. आणि ती खुपसताना बोटांना चिकटलेली लोकर धाग्याच्या दात्यांना अडकली. शालूबाई, बरोबर ना?"

सुया थांबल्या. शालूबाईंनी विणकाम मांडीवर ठेवलं.

"व्हय. मीच केलं. ह्यास्नी धीर द्यायला हसत हुते, पण रातभर डोळ्याला डोळा न्हाय. टाका सुटला तर? वाटलं, पोटं गळाली की डाक्टरीणबाई आपसूक न्हाय म्हणतील."

"मला का सांगितलं न्हाईस गं?" आकाराम हळूच म्हणाले.

"तुमीच भ्यालेला. आणि मी कुणापाशी रडू?"

अनुजा उठल्या. नवी जठरं आणून त्यांनी शालूबाईंसमोर दोन्ही तऱ्हेनं शिवली, निळं पाणी भरलं. "दाबा. जोर लावून."

शालूबाईंनी पदर खोचला आणि आधी एक, मग दुसरं दाबलं. थेंब आला नाही.

"दोन्ही तितकेच पक्के," अनुजा म्हणाल्या. "काटेरी लवकर होतो, म्हणून भूल कमी वेळ लागते. कुठला घालू?"

शालूबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "लवकरचा घाला."

ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी आकाराम नर्सच्या आधारानं व्हरांड्यात चालत होते. दाराशी उभ्या शालूबाई अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असं ओरडल्या, "हळू चाला की, कुस्ती न्हाय ती!"

ते थांबले, मागं वळले आणि शालूबाईंकडे हात पुढे केला. नर्स बाजूला सरली.