अहो, सोडा आता!

आम्रपालीच्या भावाचं, विक्कीचं, लग्न झालं आणि तो बायकोला घेऊन बंगळुरूला नोकरीला गेला, ते साल दोन हजार बावीस. दापोडीच्या घरात मग दोघंच उरली, ती आणि तिचे पप्पा ज्ञानदेव. कारखान्यात उभा जन्म काढलेला माणूस, पण आता हृदय थकलेलं. पप्पांना एकटं ठेवून आपण कुठं जायचं नाही, हे आम्रपालीनं मनाशी पक्कं केलं होतं. लग्नाचा विषय निघाला की ती कुकर लावायला उठायची.

पुढच्या उन्हाळ्यात एकदा चाकणच्या कंपनीतली शिफ्ट संपवून ती पप्पांच्या गोळ्या घ्यायला पिंपळे सौदागरला उतरली आणि वाट वाचवायला मैदानातून निघाली. गवतात चपलेला काहीतरी लागलं. वाकून बघते तर बाण!

"हलू नका!" लांबून एक उंच पोरगा धावत आला. "तुमच्या पायाशी माझा बाण हाय."

"नेम कशावर धरला होता?"

"त्या फळीवर."

"फळी तर तिकडं राहिली..."

"व्हय," तो कान खाजवत म्हणाला, "म्हणून तर इकडं शोधतोय."

दोघंही हसली. पोरगा चाकणच्या पलीकडच्या खेड्यातला, नाव नवनाथ. परदेशातल्या मोठ्या क्रीडास्पर्धेसाठी पुरुषांच्या धनुर्विद्या संघात निवडला गेलेला. संघ तिघांचा, आणि वेळ तिघांत मिळून. एकानं उशीर केला की दुसऱ्याची वेळ जाते. नवनाथचं दुखणं नेमकं तेच होतं. बाण पुरता ओढला की धनुष्यावरची पट्टी टक् वाजते, मग बोटं सैल करायची. याची पट्टी वाजायची, पण बोटं उघडायची नाहीत.

"बसा की, बघा जरा," तो म्हणाला. ती बाकावर टेकली. त्यानं दोरी ओढली... टक् झालं... आणि तो तसाच उभा. मानेच्या शिरा फुगल्या. तिला बघवेना.

"अहो, सोडा आता!"

बाण सुटला आणि पिवळ्या वर्तुळात जाऊन बसला.

नवनाथ वळला. "पुन्हा म्हणा."

"काय?"

"तेच. अहोसकट."

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. अनोळखी माणसाला आपण अहोच म्हणतो, त्यात काय एवढं? पण त्याच्या तोंडून तो शब्द निराळाच वाटला.

मग कंपनीची बस तिला रोजच तिथं सोडू लागली. ती बाकावरून म्हणायची, बाण सुटायचा. त्यांचे प्रशिक्षक शेखर सर वैतागले. "नवनाथ, परदेशात या ताईंना खिशात घालून नेणार का?"

निघायच्या आदल्या संध्याकाळी तो पेटीत धनुष्य ठेवत म्हणाला, "आल्यावर घरी येऊ? पप्पांना भेटायला?"

"कशाला?"

"चहा प्यायला."

"चहा मैदानाबाहेरही मिळतो," ती म्हणाली. मग तिचा आवाज उतरला. "पप्पांना सोडून मी कुठं जाणार नाही, नवनाथ. उगाच आशा नको."

"मी इचारलं कुठं अजून..." तो खाली बघून म्हणाला आणि पेटीची कडी लावत राहिला.

कांस्यपदकाचा सामना तिनं पप्पांबरोबर टीव्हीवर पाहिला. बरोबरी झाली. आता प्रत्येकाचा एकेक बाण, आणि शेवटचा नवनाथचा. त्यानं दोरी ओढली. टक् झालं... बोटं उघडेनात. घड्याळ पळत होतं. आम्रपालीनं उशी घट्ट धरली. तेवढ्यात त्याच्यामागं उभा असलेला संघातला झारखंडचा मिशीवाला गडी टीव्हीतून स्वच्छ ओरडला, "अहो, सोडा आता!"

बाण सुटला. पूर्ण दहा!

पप्पा हसून हसून खोकायला लागले. "अगं, या मिशीवाल्याला बायकोसारखं अहो कुणी शिकवलं?"

आम्रपाली उठली. "पप्पा, कुकर..."

"कुकर मघाशीच झालाय. बस इथं. कोण आहे हा पोरगा?"

तिनं सांगितलं, अडखळत, पण सगळं.

"मग अडलंय कुठं?"

"तुमच्यापाशी."

पप्पांनी टीव्ही बंद केला. मग म्हणाले, "मला न विचारता माझ्यावर ढकललंस होय? बोलव त्याला. तुला बोलायचं जमत नाही, मी बोलतो."

नवनाथ आला. पप्पांनी पदक हातात घेऊन वजन बघितलं, परत दिलं. "पोरगी मला सोडून येणार नाही म्हणते."

"त्यांनी कशाला यायचं? मीच येतो हितं राहायला. शेताला भाऊ हायेत गावी." मग तो आम्रपालीकडं वळला. "तुम्हाला... चालंल का?"

ती दाराच्या चौकटीला नखानं रेघ ओढत राहिली. "जिना अरुंद आहे. तुमची ती लांब पेटी वळायची नाही."

"उभी करून आणीन."

"मग आणा."

त्याच वर्षी हिवाळ्यात विहारात साधेपणानं लग्न झालं. नवनाथ पेटी घेऊन दापोडीला राहायला आला, आणि संध्याकाळी सासरा-जावई मिळून मैदानावर जाऊ लागले. एकवीस फेब्रुवारी दोन हजार पंचवीसला, पहाटे झोपेतच, ज्ञानदेव वारले. तेव्हा आम्रपाली आणि नवनाथ दोघंही घरातच होती.